विरजण मागून आणावं

भोगीच्या संध्याकाळी भाची आली. शिक्षणसेवक म्हणून लागून तिला दीड वर्ष झालंय. शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार, खोल्या दोन. मी बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होते. ती पाट ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, मला काही सुचेनासंच झालंय गं."

मला नवल वाटलं. नोकरीला लागल्या लागल्या पदरच्या पैशांतून जुना प्रोजेक्टर घेऊन शाळेत गेलेली ही पोर. म्हणाली, "पहिले सहा महिने पोरं नुसती खुळावली होती. आता भिंतीवर चित्र उमटलं की जांभया देतात. रात्री मोबाईलवर बघते, कुठल्या कुठल्या शाळांत काय काय चाललेलं असतं. ते बघून हुरूप यायचा तर उलट वाटतं, आपण काहीच करत नाही. त्यात परवा मोठ्या सरांनी सुनावलं, मॅडम, परीक्षा आली, आता हे खेळ बास. उत्साहावर पार विरजण पडलं."

तोवर मी भाकरी उतरवून रात्रीचं दूध कोमट करायला घेतलं होतं. चमचाभर विरजण हातातच होतं. म्हटलं, "विरजण पडलं म्हणून रडतेस कशाला? ज्या दुधात विरजण पडत नाही ते नासतं. दही लागतं ते विरजणानंच."

तिला ते तिथल्या तिथे पटलं नाही, आणि पटावं अशी मला घाईही नव्हती. १९८२ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि २०१८ला निवृत्त झाले. माण तालुक्यातल्या पाच शाळा फिरले. गुंडाळफळ्यापासून क्यूआर कोडापर्यंत बरंच काही हाताखालून गेलं. त्यातलं टिकलं काय, विटलं काय, आणि सुचेनासं झालं की मी कुठे जात होते, हे त्या रात्री अंथरुणावर पडून तिला सांगत राहिले. तिच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे उतरवून काढते.

आधी पोर कुठं अडलं ते लिही

दोनशे पानी वही घे. पानाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे 'कुठं अडलं', उजवीकडे 'काय केलं'. शाळा सुटल्याची घंटा झाली की खुर्चीवरून उठायच्या आत एक ओळ लिहायची. एकच, पण रोज.

माझ्या वह्यांतल्या ओळी अशा असायच्या : 'चौथी. ४०२ मधून १७८ वजा करताना शून्याकडून हातचा कसा घ्यायचा, सहा जण अडले.' 'तिसरी. उत्तर दिशा म्हणजे वर, आभाळाकडे, असं दोघांना वाटतं.' ही दुसरी ओळ वाचून मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं, चूक पोरांची नव्हतीच. नकाशा मीच भिंतीवर टांगून शिकवत होते आणि उत्तर वरच्या बाजूला दाखवत होते. पोरांनी जे डोळ्यांना दिसलं ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी नकाशा अंगणात जमिनीवर अंथरला, उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे करून. पोरं भोवती उभी राहिली. पुढे काही वर्षांनी हातात मोबाईल आला तेव्हा त्याच धड्यासाठी आपल्या गावाचं उपग्रहातून घेतलेलं चित्र उघडलं आणि मोबाईलही जमिनीवरच ठेवला. विहीर सापडली, पिंपळ सापडला, एकीला तर आपल्या घराचे पत्रे दिसले. ती कल्पना मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. दहा वर्षं जुन्या वहीतल्या एका ओळीनं दिली.

पंधरा दिवसांनी वही चाळायची. जी अडचण तीनदा आली असेल तिच्यासाठी साधन शोधायचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी ॲप आवडतं, मग ते कुठल्या धड्याला चिकटवता येईल ते बघत बसतो.

तू रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घेतलंस. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे सगळं ऐकून तुझी छाती दडपते. पण तू गोष्ट शेवटाकडून वाचतेस. सुरुवातीकडून वाच. २००९ साली ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीत गेले तेव्हा शाळा गोठा आणि गोदाम यांच्या मध्ये दबलेली होती. पोरांच्या घरची भाषा कानडी आणि हातातलं पुस्तक दुसऱ्या भाषेतलं. ती अडचण त्यांनी आधी पाहिली. पुस्तकं पोरांच्या भाषेत आणली, आणि कविता, गोष्टी, पाठ ऐकता-बघता यावेत म्हणून पानावर चौकोनी कोड चिकटवले. तो कोड काही त्यांनी शोधलेला नव्हता. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो तयार झाला होता. कारखान्यातली ती वस्तू कवितेच्या पानावर आणून बसवायला अडलेलं पोर दिसावं लागलं.

हातानं आधी, पडद्यावर मग

जांभयांचं औषध यात आहे. चौथी-पाचवीला सूर्य, सावली, दिशा शिकवताना आधी पडद्यावर फिरणारी पृथ्वी दाखवू नकोस. अंगणात हातभर काठी सरळ रोव. ओळंब्यानं सरळ आहे का ते पोरांनाच तपासू दे. सकाळी अकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि वेळ लिहायची. दोन पोरं खड्यांवर, दोन घड्याळावर, एक जण वहीवर.

पोरं ठामपणे सांगतात की सगळ्यांत आखूड सावली बाराला पडणार. ती पडत नाही. आमच्या माणात जानेवारीच्या अखेरीला ती पावणेएकच्या सुमाराला पडते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमाराला. पोरांना वाटतं घड्याळ बिघडलं. तो गोंधळ लगेच मिटवायचा नाही. एक रात्र तो घरी जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सांग : आपल्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवर लावलेलं आहे. आपण त्या रेघेच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे अर्ध्या तासानं उशिरा माथ्यावर येतो. उरलेला मागंपुढं होणारा फरक पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लांबट वाटेमुळे पडतो. आता प्रोजेक्टर लाव. स्टेलॅरियम फुकट मिळतं. त्यात आपल्या गावचं ठिकाण घाल आणि दिवस पुढे पळव. आदल्या दिवशी उन्हात खडे मांडलेली पोरं त्या पडद्यापुढे जांभई देणार नाहीत. आपला खडा बरोबर होता की नाही, हे त्यांना बघायचं असतं.

बिनसावलीचा दिवस आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. तरी काठी रोवून ठेव. घटकाभर ऊन पडलं तर जन्मभराची आठवण होते, न पडलं तर ढगांवरचा धडा घ्यायचा.

चित्रफीत दाखवायचीच असेल तर एक जुनी खूण सांगते. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. आमच्या गावात टीव्ही एकच, तोही ग्रामपंचायतीत. मी पोरांना रांगेनं नेत असे. सुरुवातीला ती बघायची, हसायची, परत यायची, आणि विचारलं तर कुणाला काही सांगता यायचं नाही. मग मी निघायच्या आधी फळ्यावर एक प्रश्न लिहून द्यायला लागले. एकच प्रश्न, उत्तर कार्यक्रमात कुठंतरी दडलेलं. त्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या वाटेवर पैजा लागायला लागल्या. आता तुझ्या हातात तर थांबवायचं बटणही आहे. तीन मिनिटं दाखव, थांबव, "आता पुढं काय होईल?" असं विचार, मग पुढे चालव. वीस मिनिटांची फीत सलग दाखवली की तिचा सिनेमा होतो.

विरजण शेजारून आणावं

घरातलं विरजण संपलं तर आपण वाटी घेऊन शेजारी जातो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिक्षकांना मात्र वाटतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेला आपण शेजारी शेजारी बसतो, चहा पितो, रजेचा आणि बदल्यांचा विषय काढतो, पण "तुमच्या वर्गात एक दिवस बसू का?" असं विचारत नाही.

विचार. केंद्रप्रमुखांची परवानगी काढ आणि जा. नावाजलेल्या शाळेतच जायला हवं असं नाही. आठ किलोमीटरवरची, तुझ्यासारखीच दोन खोल्यांची शाळा जास्त उपयोगी पडते. तिथं जमलेलं तुझ्याकडे जमू शकतं.

गेलीस की मागच्या रांगेत पोरांबरोबर खाली बस. पडद्याकडे बघू नको, पोरांच्या तोंडाकडे बघ. आणि निघताना त्या शिक्षकाला तीन गोष्टी विचार : हे किती दिवसांपासून चाललंय? बंद पडलं तेव्हा काय केलंत? यातून कोण मागे राहिलं? तिसऱ्या प्रश्नावर जो थांबून विचार करतो त्याच्याकडून वाटीभर घेऊन ये.

आमच्याच साताऱ्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण घे. ज्ञानरचनावादी शिक्षणासाठी तिथल्या शाळा नावारूपाला आल्या, तेव्हा महाराष्ट्रभरातून शिक्षक गाड्या करून बघायला येत होते. फरशीवर काढलेले आकडे, अक्षरं, साप, शिड्या, पोरं गटात बसून आपली आपण शिकतायत. पुष्कळांनी परत येऊन शाळेच्या फरश्या रंगवल्या आणि पोरांना पुन्हा रांगेत, त्या रंगाच्या वरच, बसवलं. मीही एका शाळेत पहिलं वर्ष तेच केलं, कबूल करते. वाटी आणली होती, दूध तापवलं नव्हतं. दुसऱ्याचं बघून आलीस की आठ दिवस काही करू नकोस. वही उघड आणि आपल्या कुठल्या अडचणीला ते लागू पडतं ते बघ. लागू पडत नसेल तर कितीही छान असलं तरी सोडून दे.

ज्याला वीज लागत नाही तेही तंत्रच

तंत्रज्ञान म्हणजे वायर असलेली वस्तू, हे तुझ्या डोक्यातून काढायला हवं. खडू हेही एके काळी नवं यंत्र होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीची साधनं महागडी, आणि समोर आदिवासी पाड्यांवरची पोरं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे असं हाताशी असेल ते घेतलं आणि त्यातून मोजणं, लावणं, जुळवणं शिकवलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही गेली. साधन पोराच्या जगातलं असावं, हे त्यांच्याकडून घ्यायचं.

दुसरे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस १९७८ साली नोकरीतून रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे व आगपेटीतल्या काड्या जोडून त्यानं आकृत्या केल्या. काड्यांचा चौकोन कर, बोटानं दाब, तो कलंडतो. त्रिकोण दाब, हलत नाही. मग पोरांना घेऊन गावातल्या पत्र्याच्या शेडखाली जा आणि वर बघायला सांग. छपराची कैची त्रिकोणांचीच का असते, हे त्यांना न सांगता कळतं. पुण्याच्या आयुका या संस्थेत त्यांनी पुढे अनेक वर्षं अशीच खेळणी केली. त्यांची पुस्तकं आणि छोट्या फिती नेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. काही सुचेनासं झालं की मी त्यातली एक फीत बघायची आणि उठून कात्री शोधायची. नुसतं बघून झोपलं की उदास वाटतं. हात चालले की डोकं चालायला लागतं.

डेडस्टॉकला भिऊ नकोस

१९८७च्या खडू-फळा मोहिमेत आमच्या शाळेला पेटी आली होती. विज्ञानाची पेटी, गणिताची पेटी, छोटी हत्यारं. एका शाळेत मी बदलून गेले तेव्हा ती पेटी कपाटात तशीच होती. भिंगावरचा कागदही निघालेला नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, "डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. फुटलं तर भरून कोण देणार?" पेटीचं कुलूप शाबूत आणि पोरांनी लोहचुंबक चित्रात पाहिलेलं.

पुढे संगणक आले तेव्हा तेच झालं, टॅब आले तेव्हाही बऱ्याच ठिकाणी तेच. म्हणून सांगते, वस्तू शाळेत आली की पहिल्या आठवड्यात पोरांच्या हातात जाऊ दे. फुटली तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठराव घे, रीतसर निर्लेखित कर. त्याची पद्धत असते, ती शिकून घे. कागद नीट असले की भीती निम्मी होते.

आणि वस्तू सांभाळायला पोरंच नेम. दर महिन्याला दोघं, त्यात एक मुलगी असायलाच हवी. नाहीतर वायरी मुलगे धरतात आणि मुलींच्या हाती फडकं येतं. हे आपोआप होतं, कुणी मुद्दाम करत नाही, म्हणून आपण मुद्दाम मोडायचं.

आता यंत्राविषयी चार रोकड्या गोष्टी. फीत आदल्या रात्री उतरवून ठेव, शाळेतल्या रेंजवर विसंबू नको. पडदा नसला तर चुन्याची पांढरी भिंत पुरते, खिडक्यांना पोती लाव. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर ओढू नको, दिवा लवकर जातो. आणि धडा मांडताना टाचणात शेवटची ओळ नेहमी हीच असू दे : वीज गेली तर काय?

ही ओळ मी फजितीतून शिकले. भारनियमनाचे दिवस होते. तपासणीला साहेब येणार म्हणून आम्ही संगणकावर पाठ तयार केला, पोरांकडून चारदा घोटून घेतला. साहेब आले आणि वीज गेली. मी पार गोंधळले, घशाला कोरड पडली. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा उठला, "बाई, मी फळ्यावर काढून दाखवू?" म्हणाला आणि पाण्याचं चक्र खडूनं काढून पाठ घेऊन गेला. संगणकावर इतकं छान कुणी समजावलं नसतं. त्या दिवशी मला कळलं की पाठ पोराच्या डोक्यात गेला असेल तर वीज गेली काय नि राहिली काय.

मोबाईल पोराच्या हाती, कान आजीकडे

एका वर्गात एक मुलगी होती, वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. आम्ही भाषेच्या तासासाठी एक काम काढलं : घरातल्या किंवा शेजारच्या आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगायच्या आणि मोबाईलवर आवाज भरून आणायचा. मोबाईल माझाच, आळीपाळीनं घरी जायचा. त्या मुलीनं आपल्या आजीच्या सतरा ओव्या भरून आणल्या. ऐकताना मला आजीच्या आवाजात मध्येच तिचा आवाज ऐकू आला. "मग पुढं काय, आजी? याचा अर्थ काय?" वर्गात न बोलणारी पोर तिथं प्रश्न विचारत होती.

हे काम मोठ्या माणसांनी केलेलंच आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्या बायकांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात नेटवर ऐकायला मिळतात. आपल्या पोरांनी आणलेल्या ओव्या त्या संग्रहाशेजारी ठेवून वर्गात ऐकवल्या तेव्हा पोरांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या आजीलाही काही येतं.

तर यंत्र दाखवायला वापरतेस तसं भरून घ्यायलाही वापर. आवाज, फोटो, पावसाची रोजची नोंद, विहिरीच्या पाण्याची पातळी. फक्त दोन पथ्यं पाळ. आजीला आधी विचारायचं आणि भरलेलं तिला ऐकवायचं. आणि पोरांचे चेहरे, नावं गटागटांवर फिरवायची नाहीत. आपली शाबासकी मिळवायला पोरांची छबी वापरू नये.

मागे कोण राहिलं ते मोज

मार्च २०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली होती. दुपारी आमच्या ओसरीवर गल्लीतली पोरं जमायची. कुणाच्या घरी मोबाईल होता, पण तो बापाबरोबर रानात. कुणाकडे होता, पण रिचार्ज नाही. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही होता तिथं पाच-सहा जण बसायचे. ज्यांना कुठंच बोलावणं नसायचं ती पोरं माझ्याकडे यायची. पडद्याचं शिक्षण कुणाला वगळून जातं हे मी त्या ओसरीवर मोजलं.

त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. अक्षरं, गणितं, आकृत्या. पोरं सुटी सुटी उभी राहून वाचत होती. भिंतीला ना चार्जिंग लागतं ना रेंज. मला त्या काळातलं हे सगळ्यांत हुशार तंत्र वाटतं. कारण ते सुरू करणाऱ्यांनी आधी विचारलं होतं, आपल्या पोरांच्या घरी नक्की काय आहे?

तू घरी करायचा अभ्यास मोबाईलवर पाठवतेस ना? मग हजेरीपटाच्या मागच्या पानावर एक यादी कर : कुणाच्या घरी, किती वाजता, कुणाच्या हातात मोबाईल असतो. त्या यादीतली रिकामी नावं बघ. पुढची कल्पना त्या नावांसाठी असू दे.

फसलेलं सांग, आणि रात्री मोबाईल ठेवून दे

रात्री अकरापर्यंत तू बघत बसतेस ते सगळं इतरांचं जमलेलं असतं. फसलेलं कुणी टाकत नाही. त्यामुळे तुझ्या फसलेल्या दिवसाची तुलना त्यांच्या सजवलेल्या दिवसाशी होते, आणि तू झोपतेस ती उदास होऊन. आठवड्यातून एकच कल्पना निवड, ती शेवटपर्यंत बघ आणि वहीत दोन ओळींत लिही. बाकीच्या चाळीस सोडून दे, त्या पळून जात नाहीत. मोबाईलऐवजी कधी 'जीवन शिक्षण'चा, 'शैक्षणिक संदर्भ'चा जुना अंक काढून वाच. छापील पान घाई करत नाही.

आता ते प्रश्न टाकला की निबंधच लिहून देणारं यंत्रही आलंय. त्यालाही भिऊ नको आणि डोक्यावरही घेऊ नको. सरावाचे प्रश्न, वेगवेगळ्या पातळीचे उतारे करायला वापर, पण वर्गात नेण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः तपास. ते ठासून चुका करतं. चुकलेला उतारा सापडला तर फेकू नको, मोठ्या पोरांना दे आणि "यातली चूक पकडा" म्हण. यंत्राची चूक पकडलेलं पोर त्या दिवशी ताठ मानेनं घरी जातं.

आणि पुढच्या शिक्षण परिषदेत उभी राहून एक फसलेला पाठ सांग. प्रोजेक्टर लावला, पोरं जांभया द्यायला लागली, मला कारण कळेना, एवढंच. मी नोकरीच्या बाविसाव्या वर्षी हे पहिल्यांदा केलं, इतकी वर्षं लाजेनं गप्प होते. खाली बसले तर शेजारच्या गुरुजींनी हळूच सांगितलं, "माझंही असंच होतंय." त्यानंतर आम्ही दोघं महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसायला लागलो. ते त्यांच्या निवृत्तीपर्यंत चाललं. माझ्याकडचं निम्मं विरजण त्यांच्याकडचं आहे.

तुझ्या मोठ्या सरांचंही ऐकून घे. 'खेळ बास' म्हणाले ते त्यांच्या काळजीपोटी. त्यांच्याशी वाद घालू नको. वहीतली एक अडचण त्यांना दाखव, महिनाभर एकच प्रयोग कर, आणि महिन्यानं तिथं अडलेल्या पोरांना त्यांच्यासमोर तेच करून दाखवायला लाव.

इतकं बोलून होईतो मध्यरात्र झाली. ती कधी झोपली कळलंच नाही. सकाळी तिची एसटी होती म्हणून दही बांधून द्यायला मी भांडं उघडलं, तर दही लागलेलंच नव्हतं. रात्री कडाक्याची थंडी पडलेली. ती डोकावून हसली, "बघ आत्या, तुझं विरजणसुद्धा फसलं."

मी भांड्याला जुनी गोधडी गुंडाळली आणि चुलीच्या उबेला सरकवलं. म्हटलं, "थंडीत वेळ लागतो. आणि सारखं झाकण काढून, हलवून बघायचं नसतं, तसं केलं की अजिबात लागत नाही. संक्रांत आहे, दहाच्या एसटीनं जा."

दहाला डब्यात घट्ट दही भरून दिलं. निघताना तिला बजावलं, खाऊन टाक, पण चमचाभर बाजूला ठेवायला विसरू नको. उद्याचं त्यातूनच लागायचंय, आणि एखाद दिवशी तुझ्या दारीही कुणी वाटी घेऊन येईल.